गल्लीत डोकावायचं नाही

मित्रांनो, आमच्या वसाहतीच्या मागच्या गल्लीत कधी आलात, तर वळणाच्या थोडं अलीकडे थांबा. डाव्या हाताला एक हिरवी खिडकी दिसेल. तिच्या चौकटीवर सिमेंटचे डाग आणि छिन्नीचे ओरखडे आहेत आणि एक झडप जरा वाकडी बसते. ती मी. वय बरंच झालं आहे, लाकूड अजून खणखणीत आहे आणि स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमची तक्रार नको. गल्लीतून कुणी पिशवी घेऊन गेलं की पिशवीत काय असेल, हा विचार माझ्या मनात येतोच. खिडकीच्या जन्माला आल्यावर दुसरं करणार तरी काय?

माझा जन्म एका मोडक्या पुलातून झाला. ओढ्यावरचा लाकडी पूल पाडला, तेव्हा त्याच्या फळ्या सुताराने आणल्या आणि त्यांतून माझी चौकट उभी केली. पुलाचा एक बोल्ट जिथे होता, तिथे माझ्या अंगात आरपार भोक राहिलं. सुताराने त्यात खुंटी ठोकली. ती खुंटी सैल झाली की वारा आत शिरतो आणि मी शीळ घालते. त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली आहे.

मला बनवून घेणारा माणूस मात्र चेष्टेखोर नव्हता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला भिंगकाका म्हणत, अगदी त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. उजव्या डोळ्यात भिंग बसवायचं, डावा डोळा घट्ट मिटायचा आणि मान खाली घालायची, ही काकांची बैठक. सुटे भाग हरवू नयेत म्हणून ते पाण्याचा पेला उपडा घालून त्याखाली ठेवत. एकदा भिंग लावलं की त्यांना स्वतःच्या हातापलीकडचं काही दिसत नसे. समोर हत्ती येऊन उभा राहिला असता, तरी काकांनी "जरा उजेडातून बाजूला व्हा" एवढंच म्हटलं असतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आमच्या वसाहतीतल्या लोकांनी ती लक्षात ठेवली नाही, त्याचीच ही हकिगत आहे.

जुन्या गावात आमचं घर अरुंद गल्लीत होतं. समोरच्या घरातली कात्री हात लांब करून घेता यायची. मी उत्तरेला तोंड करून होते, कारण उत्तरेकडून ऊन थेट येत नाही. दिवसभर एकसारखा, शांत उजेड मिळतो आणि घड्याळाच्या पितळी चाकांवर तिरीप चमकत नाही. काकांचं सगळं काम त्या उजेडावर चालायचं. गल्लीत मात्र शांतता नावाला नव्हती. कुणाच्या घरी भांडण झालं की ते सगळ्या गल्लीचं व्हायचं. एकदा म्हणे तिथे एक चोर आला होता. त्याला प्रत्येक दारातून "कुणाकडे आलात?" असं विचारलं गेलं, एका आजीने पाणी दिलं, दुसरीने बसायला सांगितलं, आणि तो बिचारा पाणी पिऊन आल्या पावली परत गेला. आजही या गोष्टीचं मला हसू येतं.

मग मोठा रस्ता गावातून जाणार असं ठरलं. गाव उठवून माळावर नवी वसाहत बांधायची होती. तिचा आराखडा करायला एक बाई आल्या. त्यांना सगळे नकाशेवाल्या बाई म्हणू लागले. बैठक आमच्याच गल्लीत, माझ्यासमोर भरली. बाईंनी नकाशा ओट्यावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. घरांच्या रांगा, पुढे रुंद रस्ता, मागे एक गल्ली, असं सगळं सरळ आणि नीटनेटकं होतं. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत त्यांनी एक छोटी खिडकी काढली होती.

"या मागच्या खिडक्या कशाला?" बेकरीवाल्याने विचारलं. "जन्मभर एकमेकांच्या घरात बघून कंटाळलो आता. सकाळी उठून शेजाऱ्याचं तोंड नको."

लोक हसले. सगळ्यांच्या मनातलं तो बोलला होता.

"आणि मागे खिडकी म्हणजे चोराला आयती वाट," शिट्टीमास्तर म्हणाले. हे मास्तर शाळेतले नव्हेत. बस आगारात गाड्या सोडता सोडता ते निवृत्त झाले होते आणि गळ्यातली शिट्टी काढायची राहूनच गेली होती. नव्या वसाहतीच्या समितीचे ते अध्यक्ष होणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"पण मग मागच्या गल्लीकडे लक्ष कोणाचं राहणार?" बाईंनी विचारलं.

"तिथे गटार आणि मागची दारं. त्यात बघण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणाले.

बाईंनी खोडरबर काढला आणि मागच्या भिंतीवरच्या सगळ्या खिडक्या पुसून टाकल्या. लोकांना जे हवं ते द्यायचं, असं त्यांना वरून सांगितलेलं असणार. तेवढ्यात काकांनी भिंग काढून हात वर केला.

"माझी तेवढी राहू द्या. उत्तरेच्या उजेडाशिवाय मला काम नाही करता येणार."

यावर बरीच खळखळ झाली. एकासाठी नियम मोडायचा का, असं कुणीतरी विचारलं. शेवटी शिट्टीमास्तरांनी निकाल दिला. "ठीक आहे. पण अट आहे. गल्लीत डोकावायचं नाही. बायामाणसं मागच्या दारी कपडे-भांडी करतात."

काका हसले. "डोकं वर करायला मला फुरसत कुठे असते, मास्तर? नाही डोकावणार."

अशी मी नव्या घरात आले. मला नवी चौकट देऊ केली होती, पण काकू, म्हणजे काकांची बायको, म्हणाली, "आहे ती चांगली आहे. शीळ घालते, सोबत होते." गवंड्याने मला भिंतीत बसवलं. हा गवंडीदादा हसतमुख आणि हाताचा चलाख. वसाहतीतली प्रत्येक भिंत त्याने उभारली होती आणि प्रत्येक मागच्या दाराची कडी त्यानेच लावली होती. वसाहत उभी राहिल्यावरही त्याचं येणं-जाणं चालू राहिलं, कारण कुणाचं छत गळायचं, कुणाच्या भिंतीला चीर जायची. घमेलं घेऊन तो केव्हाही, कुठल्याही दाराने आत जायचा आणि कुणी मान वळवून बघायचं नाही.

नवी गल्ली मला आवडली नाही. दोन्ही बाजूंना कोऱ्या भिंती आणि बंद दारं. माझ्यासमोर काही घरांपर्यंत गल्ली सरळ होती, मग ती वळायची आणि वळणापलीकडचं मला दिसत नसे. दुपारी पुरुष कामावर गेले आणि बायका पुढच्या खोल्यांत बसल्या की तिथे चिटपाखरू नसायचं. काका मात्र खूश होते. त्यांना हवा तसा उजेड मिळत होता. आसपासच्या गावांतली माणसं रस्त्याने न येता मागच्या गल्लीने येत, माझ्या गजांतून घड्याळ आत देत आणि दुरुस्त झालेलं घेऊन जात. "शनिवारी नेतो, काका. तोवर मुलीकडे जाऊन येतो," असं वसाहतीतलंही कुणी म्हणायचं. काका मान खाली ठेवूनच "हूं" म्हणायचे.

गवंडीदादाही जाता-येता माझ्यापाशी थांबायचा. त्याच्या हातात घड्याळ कधीच नसायचं.

"काका, किती वाजले?"

काका मान न उचलता बोटाने भिंतीकडे दाखवायचे. तिथे दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली असत.

"यांतलं खरं कोणतं? सगळी वेगवेगळी वेळ सांगतायत."

"तुला सोयीची वाटेल ती घे," काका म्हणायचे. गवंडीदादा मोठ्याने हसायचा, पण लगेच जायचा नाही. काकांच्या त्या भिंगाकडे थोडा वेळ बघत राहायचा. मला ते बघणं आवडलं नाही. पण मला कोण विचारतो?

पहिली चोरी वळणापलीकडे झाली. मागच्या दारातून पाण्याची मोटर गेली, तीही भर दुपारी. मग सुताराची हत्यारांची पेटी गेली. मग कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाची सायकल. दर वेळी दुपार, दर वेळी मागचं दार, आणि दर वेळी वळणापलीकडचं घर. कडी मोडलेली नसायची. ती बाहेरून कशी सरकवायची हे चोराला ठाऊक होतं.

वसाहतीचा चेहराच बदलला. शिट्टीमास्तर शिट्टी वाजवत फेऱ्या मारू लागले. "अनोळखी माणसांस मज्जाव" अशी पाटी लागली. लोकांनी मागच्या भिंती उंच करून घेतल्या, वर काचांचे तुकडे रोवले. ते काम अर्थात गवंडीदादाने केलं. भिंती उंच झाल्या तसा गल्लीतला अंधार दुपारीही वाढला, आणि आत कोण शिरलं हे तर आता शेजाऱ्यालाही कळेना. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. झाडूवाल्यावर संशय, सिलिंडर आणणाऱ्यावर संशय, सुताराच्या भाच्यावर संशय. काकू एकदा कात्री मागायला गेली, तर शेजारणीने साखळी न काढता फटीतून कात्री दिली. संशयी स्वभाव माझा एकटीचा आहे, असं मला वाटायचं. ती माझी मिजास उतरली.

आणि मग कुणाच्या तरी डोक्यात तो प्रश्न आला. एका दुपारी शिट्टीमास्तर, बेकरीवाला आणि समितीतले आणखी दोघे आमच्याकडे आले. खुर्च्या दिल्या तरी बसले नाहीत.

"काका, एक विचारायचं होतं," शिट्टीमास्तर म्हणाले. "वळणापलीकडे एकेक घर धुऊन निघतंय. तुमच्या खिडकीपासून वळणापर्यंत एकाही दाराला हात लागलेला नाही. हे कसं?"

काकांनी भिंग काढलं. "नशीब, दुसरं काय."

"नशीब गल्लीच्या एकाच टोकाला राहायला येतं का?"

"म्हणजे? तुम्हाला म्हणायचंय काय?"

"आम्ही काही म्हणत नाही," बेकरीवाला म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "पण अनोळखी माणसं तुमच्याच खिडकीशी येतात. काहीतरी देतात, काहीतरी घेतात. कोण गावाला जातंय, कधी परत येतंय, हे तुम्हाला सांगूनच लोक जातात. आणि अख्ख्या गल्लीला खिडकी एकच. दिवसभर तिथे बसून सगळं दिसतं तुम्हाला."

"मला काही दिसत नाही," काका म्हणाले. "भिंग लावल्यावर मला माझी बोटं दिसतात."

"चोरी करणाऱ्यांना तुम्ही काही सांगत असाल असं नाही हो. पण आपल्या शेजाऱ्यांना सांभाळून घ्या, एवढं तरी कुणी सांगितलं असेल त्यांना," बेकरीवाला म्हणाला.

मित्रांनो, मी किंचाळले असते. चोर आमच्या बाजूला का येत नव्हता, ते तुम्हाला आता समजलं असेल. मी उघडी होते, आत एक माणूस बसलेला दिसत होता, म्हणून येत नव्हता. ज्या गोष्टीबद्दल माझे आणि काकांचे आभार मानायचे, तिचाच त्यांनी पुरावा केला. पण वाऱ्यावर शीळ घालण्यापलीकडे मला बोलता येत नाही, आणि त्या दिवशी वाराही नव्हता.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "तुमच्या घरी कुणी आलं तर तुम्ही पाणी देता ना, मास्तर? आमच्याकडे माणूस आला तर त्याचं घड्याळ घेतो. त्यात चोरांची सोय कुठून आली?"

"वहिनी, चिडू नका. सगळ्यांच्या समाधानासाठी खिडकी बुजवून टाकू. तुमच्यावरचा बोल जाईल, आमच्या मनातली शंका जाईल. नाहीतर लोक म्हणतायत की या घरानेच दुसरीकडे सोय बघावी."

पेल्याखाली एक घड्याळ उघडं पडलं होतं, काका त्याकडे बघत राहिले. घर जाणार की खिडकी, एवढंच आता त्यांच्या हातात राहिलं होतं. "बुजवा," ते म्हणाले.

मंडळी गेल्यावर काकूने दार लावलं. चारचौघांत ती वाघीण होती. आता तिने आवाज खाली आणला आणि विचारलं, "अहो, बोलता बोलता तुम्ही खरंच कुणाला काही बोलला नाहीत ना? मुद्दाम नव्हे, सहज?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. संशय किती बारीक फटीतून आत येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि फटींबद्दल मला थोडंफार कळतं.

दुसऱ्या दिवशी गवंडीदादा विटा घेऊन आला. मजुरी विचारली तर म्हणाला, "वसाहतीचं काम, काकू. मजुरी कसली?" फुकट काम करणाऱ्या गवंड्याचा मला भरवसा वाटत नाही. त्याने बाहेरच्या बाजूने, माझ्या गजांना लागून, विटांचा थर चढवायला सुरुवात केली. "जाड घालतो, म्हणजे काळजीच नको," तो शिट्टीमास्तरांना सांगत होता. शेवटची वीट बसली तेव्हा माझ्यावर काळोख आला. माझ्या झडपा आतून अजूनही उघडत होत्या. उघडल्या की समोर वीट.

मग माझे वाईट दिवस सुरू झाले. काकांनी टेबल दिव्याखाली ओढलं. दिव्याचा उजेड चाकांवर चमकायचा, काका डोकं इकडे तिकडे करायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. गल्लीतून येणारं गिऱ्हाईक तुटलं. पुढच्या रस्त्याने येणारे लोक दारातच थबकायचे आणि आज नको, उद्या बघू, असं काहीतरी बोलून जायचे. एक दिवस बेकरीवाल्याच्या वडिलांचं जुनं घड्याळ काकांच्या हातून बिघडलं. चिमट्यातली कमान, म्हणजे घड्याळाची बारीक स्प्रिंग, निसटली आणि तिला मुरड पडली. आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. बेकरीवाल्याने घड्याळ रुमालात ज्या तऱ्हेने गुंडाळलं, ते काकांना लागलं. तेव्हापासून काका अवजारांचा खण कुलूप लावून ठेवू लागले. किल्ली त्यांच्या खिशात. काकूने ते पाहिलं आणि ती आत गेली.

माझ्यावर कुणी फडकं फिरवलं नाही. माझ्या आणि विटांच्या मधल्या पोकळीत कोळ्यांनी घरं केली. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आणि एके दुपारी मला माझ्या समोरच्या दाराची कडी सरकल्याचा आवाज आला. हे दार शिट्टीमास्तरांचं. माझ्या अगदी समोरचं, आजवर कधीही हात न लागलेलं.

पुढे जे झालं ते मी आवाजांवरून आणि मागाहून कानावर आलेल्या बोलण्यावरून सांगते. मास्तरीणबाई, म्हणजे शिट्टीमास्तरांची बायको, बाजारात निघाली होती. वाटेत चपलेचा पट्टा तुटला म्हणून ती परतली आणि जवळ पडतं म्हणून मागच्या गल्लीने आली. गवंडीदादा तिच्या दारातून पाण्याची मोटर खांद्यावर घेऊन बाहेर पडत होता.

"काय हो, मोटर बिघडली का?" तिने विचारलं.

"हो वहिनी, साहेबांनी दुरुस्तीला न्यायला सांगितलंय."

"बरं झालं बाई. लवकर आणून द्या."

आणि तो निघून गेला. आत जाऊन ती चप्पल शोधू लागली. मग तिची पावलं थांबली. मला वाटतं, तिला तेव्हाच आठवलं असेल की सकाळी त्याच मोटरने तिने टाकी भरली होती. ती धावत बाहेर आली आणि फेरीवरून परतणाऱ्या मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी तिने ओढून घेतली. शिट्टीमास्तरांची शिट्टी त्या दिवशी पहिल्यांदा कामाच्या वेळी वाजली, आणि ती त्यांनी नाही, तिने वाजवली.

हवालदाराला गवंड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुताराची पेटी मिळाली, सायकल मिळाली, बरंच काही मिळालं. त्याला गल्लीत आणलं, कोणत्या दाराने काय नेलं ते दाखवायला. सगळी वसाहत जमली होती. फिरत फिरत ते माझ्यापाशी आले.

"मग या टोकाची घरं इतके दिवस का सोडली?" हवालदाराने विचारलं. "इथे कुणाशी तुझी ओळख होती?"

"ओळख कसली साहेब," गवंडी म्हणाला. "इथे खिडकीत तो म्हातारा बसायचा. दिवसभर डोळ्याला दुर्बीण लावून. मी कितीदा मुद्दाम वेळ विचारून बघितली. मान हलायची नाही, पण बोट बरोबर घड्याळाकडे जायचं. म्हटलं, हा माणूस आपल्यावरची नजर काढत नाही. मग यांनीच खिडकी बुजवायला सांगितली."

विटांच्या अलीकडे, दिव्याखाली, काकाही ऐकत होते. त्यांच्या हातातला चिमटा टेबलावर वाजला.

भिंत पाडायला एक दुपार पुरली. बेकरीवाल्याने स्वतः विटा उचलल्या. माझ्या चौकटीवर छिन्नी घसरत होती, तरी मला ते सुख वाटलं. उजेड आत आला, कोळी पळाले. सगळे दाराशी गोळा झाले होते.

"काका, झालं गेलं विसरून जा," शिट्टीमास्तर म्हणाले. त्यांना नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. "आता तुम्ही मोकळेपणाने बसा. हवं तेवढं बघा. आता तुम्हीच आमचे राखणदार."

"आम्ही विसरू हो," काकू म्हणाली. "तुम्ही मात्र आठवण ठेवा."

काकांनी टेबल माझ्यापाशी ओढलं, पेला पुसला, भिंग डोळ्याला लावलं. मी वाट बघत होते. मग त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि मान वर करून गल्लीत बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना माझ्यातून बाहेर बघताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ते बघतच बसतात. टेबलावर उघडी घड्याळं पेल्याखाली पडलेली असतात. गल्लीतून कोण आलं, हातात काय होतं, कुणाचं दार किती वेळ उघडं राहिलं, सगळं त्यांना ठाऊक असतं. नकाशेवाल्या बाई येऊन गेल्या, आता पुष्कळ घरांनी मागे खिडक्या काढल्या आहेत. चोरी होत नाही. वसाहत सुरक्षित आहे असं सगळे म्हणतात. पण काकांच्या नजरेसमोरून जाताना लोक खांदे आखडून चालतात. सुताराच्या भाच्याला त्यांनी परवा तीन वेळा हटकलं. खणाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. जे ते कधीच नव्हते आणि ज्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, तेच आता ते झाले आहेत. संशयी खिडकीला संशयी माणूस मिळाला, म्हणजे माझी तर चैन व्हायला हवी होती. पण मित्रांनो, मला ते सहन होत नाही.

काल मास्तरीणबाई गल्लीतून आली. बाजारात जायची तिची वेळ नव्हती. हातात कापडी पिशवी होती.

"पिशवीत काय आहे?" काकांनी आतून विचारलं.

ती थांबली. तिने पिशवीचं तोंड उघडून गजांपाशी धरलं. "घड्याळ आहे, काका. गजराचं. ह्यांनी टाकून द्यायला सांगितलं होतं, पण मी म्हटलं, तुम्हाला दाखवावं."

काकांनी घड्याळ घेतलं. कानाला लावलं. मागचं झाकण काढलं. किती दिवसांनी त्यांच्या बोटांना तो सराव आठवला. त्यांनी भिंग उचललं, उजव्या डोळ्यात बसवलं आणि मान खाली घातली. मला इतका आनंद झाला की वारा नसताना शीळ घालावीशी वाटली. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डावा डोळा उघडा होता, आणि तो गल्लीकडे लागलेला होता.

मास्तरीणबाईने ते पाहिलं असावं. कुणी न सांगता ती उजेडातून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून थांबून राहिली.

मित्रांनो, एरवी मी तुमच्याकडे थोडा रंग आणि बिजागऱ्यांना थोडं तेल मागितलं असतं. आज ते राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल, वसाहती आखाल, तेव्हा गल्लीकडे बघणारी एक तरी खिडकी ठेवा. आणि तिच्यापाशी कुणी आपलं काम करत बसलं असेल, तर त्याला निर्धास्त काम करू द्या. आमच्या गल्लीत आलात तर काकांना हाक मारा. त्यांनी पिशवी विचारली तर दाखवा आणि राग मानू नका. घरात एखादं बंद घड्याळ असेल तर तेही घेऊन या. एक दिवस काका पूर्वीसारखा डावा डोळा घट्ट मिटून कामाला लागले, तर ते मला सगळ्यांत आधी दिसेल.